प्रवासांत सोबती आजारी पडला तर

प्रवासाची तयारी करतांना मंडळी फराळ, अंथरूण-पांघरूण, छत्र्या, तिकिटें या सर्व गोष्टींचा विचार करतात. परंतु बरोबरच्या माणसाला वाटेंत कांहीं झालें तर काय करावयाचें, हा विचार बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. आलाच तर तो अशुभ म्हणून बाजूस सारला जातो. वस्तुतः प्रवास आणि आजारपण यांचें नातें जुनें आहे. बदललेलें पाणी, अवेळीं जेवण, जागरण, चढउतार, ऊन किंवा पाऊस यांमुळें घरीं दबून राहिलेला विकार वाटेंत उफाळून येतो. आणि ओळखीचे डॉक्टर, शेजारपाजार, रात्रीं उघडें असणारें औषधांचें दुकान, हीं घरचीं साधनें परमुलखांत हाताशीं नसतात. अशा वेळीं रोग्याचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं एकाच व्यक्तीवर अवलंबून राहतें. ती व्यक्ति म्हणजे त्याचा सोबती. सोबत्याला वैद्यकी येण्याची गरज नाहीं. त्याला तीन गोष्टी आल्या पाहिजेत : वेळेवर थांबणें, नीट पाहणें आणि रोग्याला योग्य ठिकाणीं पोंचविणें.

हा विचार करण्यास दूर देशीं जावयास नको. पुणें जिल्ह्याच्या मावळ तालुक्यांत, देहूपासून जवळच, सुदुंबरें नांवाचें गांव आहे. तुकाराम महाराजांचे अभंग ज्यांनीं लिहून ठेवले व जतन केले, त्या संताजी जगनाडे महाराजांची समाधि येथें आहे. चाकणच्या तेली कुळांतले संताजी हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं एक. जो आधीं जाईल त्याला मागें राहिलेल्यानें मूठमाती द्यावी, असें वचन दोघांनीं एकमेकांस दिलें होतें. तुकोबा आधीं गेले. पुढें संताजींचा देह ठेवला तेव्हां माती कितीहि लोटली तरी त्यांचा चेहरा झांकेना. अखेर तुकोबांनीं स्वतः येऊन मुठीनें माती टाकली तेव्हांच तो झांकला, अशी आख्यायिका सांगितली जाते. सोबत कोठपर्यंत करावयाची, या प्रश्नाला मावळानें दिलेलें हें उत्तर होय. आषाढीच्या सुमारास सुदुंबऱ्याहूनहि पालखी पंढरपुरास निघते. एरवीं पुण्यामुंबईचीं कुटुंबें देहू, भंडारा डोंगर, सुदुंबरें असा एका दिवसाचा फेरा करतात, आणि पावसाळ्यांत हाच ओघ लोहगड, कार्लें, भाजें यांकडे वळतो.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. साठी उलटलेले गृहस्थ, त्यांची पत्नी, मुलगा आणि सून. दिवस एकादशीचा. सकाळीं देहूचें दर्शन झालें, मग उन्हांत भंडाऱ्याचा डोंगर झाला, आणि दुपारीं मंडळी सुदुंबऱ्यास आली. गाडींतून उतरल्यावर गृहस्थांना दरदरून घाम सुटला. ते छातीवरून हात फिरवूं लागले.

“अहो, जरा सावलींत बसा पाहूं,” पत्नी म्हणते.

“कांहीं नाहीं ग, पित्त उसळलें आहे. सकाळची खिचडी बाधली. सोडा घेतला कीं बरें वाटेल. तुम्ही दर्शन घेऊन या.”

हें संभाषण महाराष्ट्रांतील कोणत्याहि घरांत ऐकूं येईल. सोबत्याच्या कर्तव्याला आरंभ होतो तो याच क्षणीं.

पहिला नियम असा कीं, आजाऱ्याचें आपल्या आजाराविषयींचें मत हा पुरावा मानूं नये. त्याचीं कारणें उघड आहेत. आपल्यामुळें चारचौघांचा बेत मोडूं नये, असें प्रत्येक भल्या माणसाला वाटतें. दुसरें असें कीं, ताप, शोष किंवा रक्तांतील साखरेची उणीव यांचा परिणाम प्रथम बुद्धीवरच होतो. ज्या साधनानें माणूस आपली स्थिति जोखणार, तेंच बिघडलेलें असतें. स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे. घरची बाई स्वतःचें दुखणें प्रवासांत सहसा बोलत नाहीं. सर्वांचें खाणेंपिणें होईपर्यंत ती कळ काढते, आणि रात्रीं तापानें फणफणली म्हणजे मगच घरच्यांच्या ध्यानांत येतें. म्हणून “बरें आहे ना?” असा प्रश्न पुरेसा नाहीं, त्याला उत्तर ठरलेलें असतें. सकाळपासून किती पाणी प्यालांत, लघवी केव्हां झाली, गोळी घेतली काय, घेतली तर त्यावर काय खाल्लें, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरापेक्षां चेहऱ्याकडे अधिक पाहावें.

आतां त्या गृहस्थांकडे वळूं. छातींत दाब किंवा आवळल्यासारखें वाटणें, ती कळ हातांत, जबड्यांत वा पाठींत उतरणें, थंड घाम, दम लागणें, मळमळ, यांपैकीं कांहीं लक्षणें एकत्र दिसलीं तर तें पित्त आहे असें ठरविण्याचा अधिकार सोबत्याला नाहीं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीनें बंद झाली म्हणजे त्या स्नायूचा भाग मिनिटामिनिटाला मरत जातो. ती वाट जितकी लौकर मोकळी होईल तितकें हृदय वांचतें, आणि हें काम रुग्णालयांतच होऊं शकतें. स्त्रियांना व मधुमेही माणसांना छातींत कळ न येतां नुसता दम, थकवा किंवा मळमळ इतकेंच जाणवण्याचा संभव असतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. अशा रोग्याला चालवूं नये, पायऱ्या चढवूं नयेत, स्वतः गाडी हांकूं देऊं नये. पाठीला टेकण देऊन बसवावें, गळ्याशीं व कमरेशीं कपडे सैल करावेत आणि ताबडतोब रुग्णवाहिका मागवावी. ॲस्पिरिनची गोळी द्यावी कीं काय, हें दूरध्वनीवर डॉक्टरांस विचारावें. तो बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा नुसता आचके दिल्यासारखा येऊं लागला, तर त्याला कठीण जमिनीवर उताणें निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवावेत, आणि सुमारें पांच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनें दाब देत राहावें. मदत येईपर्यंत हें थांबवूं नये. सोबत्यांनीं दोनदोन मिनिटांनीं आळीपाळीनें करावें.

परंतु दिवस एकादशीचा आहे, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. मधुमेहाच्या कांहीं गोळ्या आणि इन्सुलिन पोटांत अन्न आहे असें गृहीत धरून काम करतात. उपवास धरून औषध मात्र नेमानें घेतलें आणि वर डोंगर चढला, तर रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं उतरते. घाम, थरथर, घाबरें होणें, असंबद्ध बोलणें, कधीं विनाकारण चिडणें, हीं त्याचीं लक्षणें. शुद्ध असेल व गिळतां येत असेल तर तीनचार चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हां द्यावी. नंतर कांहीं तरी खाऊं घालावें. उपवास मोडतो ही शंका मनांत आणूं नये. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडांत कांहींहि घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें.

गृहस्थांचें दुखणें हृदयाचें कीं साखरेचें, हें समाधीच्या मंडपांत बसून ठरविणें कोणालाच शक्य नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. साखरेचें पाणी द्यावें, आणि तें देत असतांनाच दुसऱ्यानें रुग्णवाहिका बोलवावी. निदान करणें हें डॉक्टरांचें काम. सोबत्याला फक्त इतकें ठरवावयाचें असतें कीं, येथें थांबून वाट पाहण्यासारखी ही स्थिति आहे कीं नाहीं.

प्रवासांत सर्वांत वारंवार गांठणारा विकार म्हणजे जुलाब व उलट्या. एकोणिसाव्या शतकांत पंढरपूरच्या यात्रेबरोबर पटकीची सांथ गांवोगांव फिरे, आणि दिंडींतला माणूस एका रात्रींत नाहींसा होई. पटकीनें मरणारा माणूस मरतो तो अंगांतलें पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. ते तोंडावाटे परत देतां येतात, ही गोष्ट आपल्याच देशांत मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज यांचें मिश्रण पाण्यांत कालवून तें रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें शेंकडा ४ च्या खालीं आलें. यांतील शास्त्र असें कीं, आंतड्याच्या भिंतींतून साखर आंत शिरतांना मिठाला बरोबर घेऊन जाते व त्यांच्या मागोमाग पाणी जातें. म्हणून नुसतें पाणी किंवा नुसतें मिठाचें पाणी तितकें उपयोगी पडत नाहीं. येथें हेंहि पाहण्यासारखें आहे कीं, त्या छावणींत पेला हातांत धरून बसलेले बहुतेक लोक परिचारक नव्हते. ते रोग्यांचे सोबती होते.

आज या मिश्रणाच्या पुड्या कोणत्याहि औषधांच्या दुकानांत मिळतात. चारपांच पुड्या प्रवासाच्या पिशवींत असाव्यातच. पुडीवर जितकें पाणी लिहिलें असेल तितकेंच घ्यावें, कमीअधिक करूं नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें पाजावें. चोवीस तासांनंतर हें पाणी फेकून नवें करावें. मात्र लघवी सातआठ तास झाली नाहीं, डोळे खोल गेले, रोगी गुंगींत गेला, शौचाला रक्त पडलें किंवा पाजलेलें कांहींच ठरेना, तर घरगुती उपायांची मर्यादा संपली असें समजून दवाखाना गांठावा. लहान मुलांच्या व वृद्धांच्या बाबतींत ही मर्यादा फार लौकर येते.

मावळ हा भाताचा मुलूख. पावसाळ्यांत बांधावरून, गवतांतून चालतांना किंवा जमिनीवर निजतांना सर्पदंशाचें भय असतें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे महाराष्ट्रांतले चार मुख्य विषारी साप. चौघांच्याहि विषावर एकच मिश्र प्रतिविष चालतें, म्हणून साप मारून किंवा पकडून आणण्यांत वेळ दवडूं नये. आवळून दोरी बांधणें, चिरा देणें, तोंडानें विष शोषणें हीं सर्व वर्ज्य होत. अंगठ्या, बांगड्या, पैंजण उतरवावेत, दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रोग्याला न चालवितां प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत न्यावें. मण्यार बहुधा रात्रीं निजलेल्याला डसते; दंश दुखत नाहीं, सुजत नाहीं, कित्येकदां खूणहि दिसत नाहीं. पहाटे पोटांत दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात, गिळतां येत नाहीं. पापण्या जड दिसतात त्या झोंपेमुळें कीं विषामुळें, हें रोग्याला कळत नाहीं. शेजारीं असलेल्या जाग्या माणसालाच तें दिसूं शकतें.

विंचवाचें तसेंच आहे. लाल विंचवाच्या दंशानें नुसती वेदना असेल तर धोका थोडा. परंतु घाम, उलट्या व हातपाय गार पडणें सुरू झालें म्हणजे विष हृदयापर्यंत पोंचल्याचें तें चिन्ह असतें. घाटाखालीं महाडच्या बाजूस डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांच्या खाटेशीं रात्री जागून या लक्षणांचा क्रम टिपला, आणि १९८० च्या दशकांत प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. त्यामुळें या दंशानें होणारे मृत्यु फार कमी झाले. कोणताहि शोध असो वा शुश्रूषा, तिचा पाया रोग्याजवळ बसून पाहणें हाच आहे.

पाहणें झालें, आतां पोंचविणें. महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते व तिच्यांत डॉक्टर असतो. ११२ हा क्रमांकहि आणीबाणीसाठीं आहे. दूरध्वनि करतांना घाबरून नुसतें “लौकर या” म्हणूं नये. गांवाचें व तालुक्याचें नांव, जवळची ठळक खूण, रोग्याचें वय, तो शुद्धीवर आहे कीं नाहीं व काय होत आहे, इतकें चार वाक्यांत सांगावें. एकानें मुख्य रस्त्यावरच्या फाट्याशीं उभें राहावें. रुग्णवाहिका वाट शोधीत फिरण्यांत जाणारा वेळ त्यानें वांचतो. सुदुंबऱ्यास राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या पांचव्या बटालियनचा तळ आहे, हें पाहून कित्येकांना वाटतें कीं मदत दारांतच आहे. परंतु तें दल २०१४ च्या माळीणसारख्या दरड कोसळण्याच्या प्रसंगासाठीं, पूर-भूकंपासाठीं आहे. एकट्या रोग्याची वाट १०८ कडूनच जाते.

कोठें न्यावयाचें हें अंतरावरून ठरवूं नये, तेथें पोंचण्यास लागणाऱ्या वेळेवरून व तेथें असलेल्या सोयीवरून ठरवावें. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागांत ३०,००० व डोंगराळ भागांत २०,००० वस्तीस एक असें योजलेलें असतें. जुलाब, ताप, जखम, साधा दंश यांसाठीं तें उत्तम, आणि प्रतिविषाचा पहिला डोस तेथें मिळाला तर मोलाचा वेळ वांचतो. हृदयविकार किंवा पक्षाघात असेल तर मात्र मोठें रुग्णालयच पाहिजे. सुदुंबऱ्याहून तळेगांव दाभाडे येथील वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय जवळ पडतें. पलीकडे पिंपरीस यशवंतराव चव्हाण स्मारक रुग्णालय आहे. नकाशावर हीं अंतरें किरकोळ दिसतात. परंतु तळेगांव–चाकण रस्त्यावर कारखान्यांच्या मालमोटारींची गर्दी असते, आणि पावसाळ्याच्या रविवारीं लोणावळ्याकडच्या वाटा तुंबतात. तोंड वांकडें होणें, एक हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें या पक्षाघाताच्या खुणा दिसल्या त्या वेळेची नोंद करून ठेवावी, गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न “केव्हांपासून?” हाच असतो.

हेच नियम परदेशांतहि लागू पडतात. हल्लीं मराठी कुटुंबें युरोपांत, फ्रान्सच्या खेडेगांवांतहि हिंडावयास जातात. तेथें १५ हा क्रमांक फिरविला असतां डॉक्टर स्वतः दूरध्वनीवर विचारपूस करून रुग्णवाहिका धाडावयाची कीं नाहीं तें ठरवितो. ११२ हा क्रमांक सर्व युरोपीय संघांत चालतो. हिरव्या क्रुसाची पाटी असलेल्या औषधांच्या दुकानांत किरकोळ दुखण्यांवर जाणता सल्ला मिळतो. परंतु आपल्याकडील गोळीचें व्यापारी नांव तेथें कोणाला कळत नाहीं. तेथील घरोघरचें ‘डोलिप्रान’ म्हणजे आपलें पॅरासिटामॉलच. म्हणून औषधांचीं मूळ रासायनिक नांवें लिहिलेला कागद बरोबर असावा.

असा कागद मावळांत जातांनाहि हवाच. नांव, वय, जुने आजार, चालूं औषधें व त्यांचीं प्रमाणें, कोणत्या औषधाचें वावडें आहे, घरच्या डॉक्टरांचा व घरीं राहिलेल्या माणसाचा दूरध्वनि-क्रमांक, इतकें त्यावर असावें. तो आजाऱ्याच्या पाकिटांत एक व सोबत्याच्या पाकिटांत एक, असा दोन ठिकाणीं ठेवावा. सर्व माहिती मोबाईलमध्यें आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. मोबाईल आजाऱ्याचा असतो आणि तो उघडण्याची खूण त्यालाच ठाऊक असते.

पुढें रुग्णालयांतल्या रात्री येतात. त्यांतहि कामाची वांटणी असावी. वारीच्या दिंडींत ही व्यवस्था फार पूर्वींपासून आहे : कोणी पुढें मुक्कामाची सोय पाहतो, कोणी थकलेल्याजवळ राहतो, कोणी सामानाच्या गाडीवर असतो, चालणें कोणासाठीं थांबत नाहीं आणि मागेंहि कोणी एकटा सुटत नाहीं. कुटुंबानेंहि तसेंच करावें. एकानें रोग्याजवळ बसावें, एकानें कागदपत्र, पैसे व औषधें पाहावींत, एकानें मुलांना व वृद्धांना घरीं न्यावें, आणि घरच्यांना बातमी एकानेंच, एकदांच, खरी सांगावी. खाटेशीं बसणाऱ्यानें वेळेवर जेवावें व आळीपाळीनें निजावें. उपाशी व जागरणानें शिणलेला सोबती चुकीचीं उत्तरें देतो, चुकीची गोळी देतो, आणि तिसऱ्या दिवशीं दुसरी खाट अडवतो.

घरीं परतल्यावरहि ही जबाबदारी आठवडादोन आठवडे उरते. भातखाचरांतून किंवा सांचलेल्या पाण्यांतून अनवाणी चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा ताप बहुधा एकदोन आठवड्यांनीं येतो. तोंवर सहल विसरली गेलेली असते. ताप, पोटऱ्या दुखणें, डोळे लाल होणें असें झालें तर डॉक्टरांना दुखण्याबरोबर प्रवासहि सांगावा. कोठें गेलों होतों, केव्हां, आणि पाण्यांत उतरलों होतों कीं नाहीं, या माहितीनें निदान सोपें होतें.

सर्वांत कठीण निर्णय मात्र यांपैकीं कोणताच नसतो. तो असतो बेत सोडून देण्याचा. तिकिटें काढलेलीं, खोली ठरविलेली, दर्शनाची रांग अर्धी सरलेली. अशा वेळीं “आणखी थोडें पाहूं” हें वाक्य सर्वांनाच सोयीचें वाटतें, आणि आजारीहि त्याला रुकार देतो. त्या वेळीं सोबत्यानें वाईटपणा पत्करून “आपण येथूनच परत फिरूं” असें म्हटलें पाहिजे. संताजी महाराजांची समाधि पुढल्या एकादशीसहि तेथेंच असेल. ते गृहस्थहि तेव्हां दर्शनाला यावेत, हें त्या दुपारीं त्यांच्या पत्नीनें त्यांचें म्हणणें ऐकलें कीं न ऐकलें यावर पुष्कळसें अवलंबून आहे.